एका ‘लेफ्टनंट’वर तपासलेला शब्दकोश

आर्वी तालुक्यातील आमच्या गावच्या वाचनालयासाठी मागच्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर एक जाडजूड इंग्रजी–इंग्रजी–मराठी शब्दकोश विकत घेतला. वर्षभर तो वाचनालयाच्या टेबलावर राहिला, शेकडो हातांनी उघडला, आणि आता त्याच्याविषयी काही जबाबदारीने लिहिता येईल असे वाटते. वाचनालय ‘ड’ वर्गाचे आहे. अनुदान बेताचे असल्यामुळे साडेसहाशे रुपयांचा एकच ग्रंथ घ्यायचा म्हटले तरी कार्यकारिणीत तासभर चर्चा होते. मी इंग्रजीचा निवृत्त शिक्षक आणि वाचनालयाचा मानद सचिव असल्यामुळे निवड माझ्यावर सोपवली गेली, आणि पुढे तिचा दोषही अर्थातच माझ्याच माथी आला. कोशाचे व प्रकाशकाचे नाव येथे मुद्दाम देत नाही, कारण मुख्य दोष एकट्या या कोशाचा नाही. याच जातीचे आणखी दोन कोश मी शाळेत असताना वापरले आहेत आणि त्यांतही तो होताच.

आधी वस्तूविषयी. पृष्ठे चौदाशेच्या आसपास, वजन इतके की शाळकरी मुलाला एका हातात धरून वाचता येत नाही. टंक ठळक आहे, शीर्षशब्द निळ्या शाईत आहेत, आणि संध्याकाळी वीज गेल्यावर मोबाइलच्या उजेडातही नोंद सापडते, ही सोय आमच्याकडे लहान नाही. बांधणी मात्र विदर्भाचा उन्हाळा न पाहिलेल्या माणसाने केलेली आहे. मे महिन्यात पारा पंचेचाळिसाला टेकला तेव्हा पुठ्ठ्याच्या पाठीवरचा डिंक वाळून तडकला आणि ‘एस’ अक्षराची दोन फर्मे सुटी झाली. ती आम्ही सुईदोऱ्याने शिवून घेतली. शिवलेला भाग आता मूळ बांधणीपेक्षा टिकाऊ आहे.

शब्दकोश विकत घेताना लोक सहसा शब्दांची संख्या पाहतात. वेष्टनावरही तीच मोठ्या अक्षरांत छापलेली असते. मला अनुभवाने असे वाटते की कोशाची परीक्षा संख्येवर करू नये. एखादा असा शब्द घ्यावा, जो ऐकायला सर्वांच्या ओळखीचा, पण उलगडायला अवघड आहे, आणि कोश त्याचे काय करतो ते पाहावे. आमच्यापुढे असा शब्द आपणहून चालत आला. तो म्हणजे ‘लेफ्टनंट’.

आमच्या भागात फौजेचे शब्द परके नाहीत. पुलगावला केंद्रीय दारूगोळा भांडार आहे, त्यामुळे ‘डेपो’त नोकरीला असलेला कोणी ना कोणी प्रत्येक गावात सापडतो. वाचनालयाच्या मागच्या खोलीत आम्ही अभ्यासिका चालवतो आणि तेथे बसणाऱ्या मुलांपैकी निम्मी पोलीस भरतीची किंवा सैन्यभरतीची तयारी करत असतात. पहाटे शाळेच्या मैदानावर धावायचे, दुपारी सोयाबीनच्या सोंगणीला किंवा कापूस वेचायला जायचे आणि रात्री सामान्य ज्ञानाचे पुस्तक उघडायचे, असा त्यांचा दिवस. त्यांच्यातल्याच एकाकडे २६ जानेवारीच्या कार्यक्रमाचे सूत्रसंचालन होते. प्रमुख पाहुणे म्हणून तालुक्याच्या महाविद्यालयातील एक प्राध्यापक आले होते. ते राष्ट्रीय छात्रसेनेचे अधिकारी, म्हणून निमंत्रणपत्रिकेवर त्यांच्या नावाआधी ‘लेफ्टनंट’ छापलेले होते. मुलाने आदल्या रात्री कोशाच्या वेष्टनावरील चौकोनी चिन्हावरून मोबाइलवर उतरणाऱ्या त्या ‘मोफत बोलक्या ॲप’मध्ये उच्चार ऐकला आणि सकाळी ध्वनिक्षेपकावरून खणखणीत आवाजात ‘लूटेनंट साहेबांचे स्वागत’ केले. पाहुणे हसले, पण समोर बसलेल्या आयाबायांना त्यात लुटीचा काही संबंध असावा असे वाटले आणि मंडपात कुजबुज झाली.

गंमत अशी की छापील कोशात देवनागरीत ‘लेफ्टेनंट’ असाच उच्चार दिला आहे. चूक ॲपची होती, आणि खरे तर ती चूकही म्हणता येत नाही, कारण ॲपमधील आवाज अमेरिकी होता आणि अमेरिकेत तो शब्द ‘लूटेनंट’ असाच उच्चारतात. ब्रिटनमध्ये आणि ब्रिटिश परंपरेतून घडलेल्या आपल्या सैन्यात तो ‘लेफ्टनंट’ आहे. एकाच प्रकाशकाच्या एकाच वस्तूचे दोन भाग एकमेकांशी बोलत नसतील, तर कोणाचे ऐकावे हे गावातल्या मुलाने कसे ठरवायचे? ॲपवर ‘अमेरिकी उच्चार’ एवढी दोन शब्दांची सूचना असती तरी भागले असते. मी वाचनालयात येणाऱ्यांना आता एवढेच सांगतो की छापील उच्चार पाहा, मोबाइलला विचारू नका.

इंग्रजी लिपीत या शब्दात ‘फ’चे अक्षर नाही, आणि तरीही ब्रिटिश माणूस ‘फ’ उच्चारतो, हा प्रश्न त्या दिवसानंतर मुलांना स्वाभाविकपणे पडला. कोश त्यावर गप्प आहे. उत्तर रंजक आहे. हा शब्द चौदाव्या शतकात फ्रेंचमधून इंग्रजीत आला आणि त्या काळापासून त्याची ‘फ’ किंवा ‘व’ असलेली स्पेलिंगे इंग्रजी हस्तलिखितांत सापडतात. म्हणजे हा उच्चार कुणा अडाणी शिपायाने मागाहून बिघडवलेला नाही, तो जवळजवळ शब्दाइतकाच जुना आहे. जुन्या लेखनात ‘यू’ आणि ‘व्ही’ ही अक्षरे एकमेकांच्या जागी लिहिली जात, त्यामुळे वाचताना घोटाळा झाला असावा, असे एक स्पष्टीकरण वारंवार दिले जाते. पण जाणकार ते फारसे मानत नाहीत. जुन्या फ्रेंचमध्ये या शब्दाच्या पहिल्या भागाचे ‘फ’ने संपणारे एक क्वचित रूप आढळते आणि इंग्रजांच्या कानावर तेच पडले असावे, याकडे त्यांचा अधिक कल आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस जॉन वॉकर या उच्चारकोशकाराने लोक ‘लेफ’ आणि ‘लिव्ह’ म्हणतात हे प्रामाणिकपणे नोंदवून, पुढे केव्हातरी स्पेलिंगाप्रमाणे ‘ल्यूटेनंट’ रूढ होईल अशी आशा व्यक्त केली होती. ती अमेरिकेत फळाला आली, त्याच्या स्वतःच्या देशात आली नाही.

उच्चाराचे एवढे पुरे. खरी तक्रार अर्थाची आहे.

कोशातील नोंद अशी आहे: ‘सैन्यातील एक दुय्यम अधिकारी, कॅप्टनच्या खालचा अधिकारी, नौदलातील अधिकारी.’ यातले एकही विधान खोटे नाही आणि तरीही या तीन तुकड्यांतून वाचकाच्या हाती काहीच लागत नाही. ‘दुय्यम’ म्हणजे कोणाच्या मानाने दुय्यम? सुभेदार अनुभवाने, वयाने आणि नोकरीच्या वर्षांनी मोठा असतो, तरी नुकताच प्रशिक्षण संपवून आलेला तेवीस वर्षांचा लेफ्टनंट हुद्द्याने त्याच्या वर असतो, हे या नोंदीवरून कळत नाही. नौदलाचा लेफ्टनंट हा भूदलाच्या कॅप्टनच्या बरोबरीचा असतो आणि भूदलाच्या लेफ्टनंटच्या बरोबरीला नौदलात सब-लेफ्टनंट असतो, हेही कळत नाही. उलट नौदलाचा कॅप्टन भूदलाच्या कर्नलच्या तोडीचा असतो. म्हणजे ‘कॅप्टनच्या खालचा’ हे वर्णन नौदलाच्या बाबतीत वाचले तर मध्ये दोन पायऱ्या चुकतात, कारण तेथे लेफ्टनंट आणि कॅप्टन यांच्यामध्ये लेफ्टनंट कमांडर आणि कमांडर बसलेले आहेत. भरतीच्या मुलाखतीला जाणाऱ्या मुलासाठी हा तपशील शोभेचा नव्हे, उपयोगाचा आहे. भूदलात लेफ्टनंटच्या खांद्यावर दोन तारे असतात, कॅप्टनच्या तीन, आणि मेजरच्या खांद्यावर ताऱ्यांऐवजी अशोकस्तंभाचे सिंह येतात, हे मुलांना कोशाने नव्हे, सुटीवर आलेल्या एका हवालदाराने ओट्यावर बसून सांगितले.

मात्र या उणिवा मी माफ केल्या असत्या. शब्दकोश म्हणजे फौजेची नियमपुस्तिका नव्हे. जी गोष्ट मला माफ करता येत नाही ती त्याच पानावर आहे. ‘लेफ्टनंट’च्या लगेच वरची नोंद ‘ल्यू’ या छोट्या शब्दाची आहे, आणि तिथे कोशाने अगदी बरोबर लिहिले आहे: ‘ऐवजी, बदल्यात, जागी.’ सरकारी पत्रांतून ‘इन ल्यू ऑफ’ वाचण्यात ज्यांचा जन्म गेला त्या आम्हा शिक्षकांना हा शब्द चांगला ठाऊक आहे. सुटीच्या दिवशी केलेल्या निवडणुकीच्या कामाच्या बदल्यात मिळणारी रजा याच शब्दाने मिळते, किंवा मिळत नाही. आता चारशे-साडेचारशे पाने पुढे जाऊन ‘टेनंट’ काढावा. तिथेही नोंद चांगली आहे: ‘धारण करणारा, भाडेकरू, कूळ.’ ‘कूळ’ हा अर्थ शहरी कोशकार पुष्कळदा विसरतात, याने तो दिला आहे. त्याबद्दल त्याचे कौतुक केले पाहिजे, कारण १९५८ च्या विदर्भासाठीच्या स्वतंत्र कूळकायद्याने ज्यांच्या घरांचे नशीब बदलले, अशी माणसे आमच्या गावात अजून आहेत, आणि त्यांच्या कागदपत्रांत हा इंग्रजी शब्द पानोपानी येतो.

‘ल्यू’ आणि ‘टेनंट’. जागा, आणि धरणारा. हे दोन शब्द जोडले की ‘लेफ्टनंट’ होतो. फ्रेंचमध्ये ‘ल्यू’ म्हणजे जागा, तो लॅटिनमधील ‘लोकुस’वरून आला, ‘तेनां’ म्हणजे धरणारा, तो लॅटिनमधील ‘तेनेरे’ या धातूवरून. लेफ्टनंट म्हणजे दुसऱ्याची जागा धरून ठेवणारा, वरचा अधिकारी हजर नसेल तेव्हा त्याच्या जागी उभा राहून त्याच्या अधिकाराने काम पाहणारा. शब्दात हुद्दा नाही, तलवार नाही, सैन्यही नाही; आहे ते फक्त एक नाते. दोन्ही तुकड्यांचे अर्थ कोशात बिनचूक छापलेले आहेत, त्यांतला एक तर बोटभर अंतरावर आहे, आणि तरीही कोशकाराला ‘वरचा शब्द पाहा’ एवढे लिहावेसे वाटले नाही. भिंतीला भिंत लागून असलेल्या दोन घरांतल्या भावांनी एकमेकांचे तोंड पाहू नये, तसे हे पान आहे.

आणि मराठी वाचकासाठी तर हे काम आणखी सोपे होते. कारण या शब्दाला नेमका उतरणारा शब्द आमच्याकडे तहसील कचेरीच्या दारावर पाटी होऊन लटकतो आहे. तो शब्द म्हणजे ‘नायब’. जुन्या मुंबई इलाख्यात मामलेदार असत, आमच्याकडे मध्य प्रांतापासून तहसीलदार आणि नायब तहसीलदार आहेत. तहसीलदार साहेब बैठकीला वर्ध्याला गेले की कचेरीत कोणाला भेटायचे, हे आमच्या गावातील निरक्षर म्हातारीलाही माहीत असते. ‘नायब’ हा अरबी शब्द असून त्याचाही मूळ अर्थ दुसऱ्याच्या जागी असलेला, त्याच्या वतीने काम पाहणारा, असाच आहे. त्याच अरबी शब्दाच्या अनेकवचनातून ‘नवाब’ निघाला, हे सांगितल्यावर अभ्यासिकेतली मुले बराच वेळ खूश होती, कारण बादशहाचा प्रतिनिधी म्हणून प्रांतावर बसलेला माणूस पुढे स्वतःच थाटात राहू लागला, ही गोष्ट त्यांना फार ओळखीची वाटली. फौजेतही ‘नायब सुभेदार’ आहे; पूर्वी त्यालाच जमादार म्हणत.

दिल्लीच्या किंवा पुदुच्चेरीच्या लेफ्टनंट गव्हर्नरला मराठी वर्तमानपत्रे वर्षानुवर्षे ‘नायब राज्यपाल’ म्हणत आली आहेत. म्हणजे हे भाषांतर कोणी नव्याने शोधायचे होते असेही नाही. ते रोज सकाळी एसटीने गावात येते. राष्ट्रपतींच्या वतीने कारभार पाहणारा, म्हणून लेफ्टनंट, म्हणून नायब. ज्या अनामिक वार्ताहराने पहिल्यांदा हा शब्द योजला त्याला शब्दाची व्युत्पत्ती ठाऊक असेल किंवा नसेलही, पण त्याचा कान या कोशकारापेक्षा चांगला होता.

मराठ्यांच्या राज्यकारभारातही याच कल्पनेचे शब्द होते. ‘मुतालिक’ म्हणजे मुख्य अधिकाऱ्याच्या वतीने कारभार पाहणारा. राजाराम महाराजांनी जिंजीला प्रल्हाद निराजींना दिलेले ‘प्रतिनिधी’पद तर नावातच सर्व सांगते. ‘दुय्यम अधिकारी’ असे कोरडे लिहिण्याऐवजी कोशकाराने यांतला एखादा शब्द नुसता शेजारी ठेवला असता, तरी वाचकाला शब्दाच्या पोटात शिरता आले असते.

शब्दाच्या दुसऱ्या भागाचाही मराठीशी संबंध लावता येतो, आणि माझ्या मते तो अधिक सुंदर आहे. सुभेदार, हवालदार, जहागीरदार, जमीनदार, ठेकेदार या सर्वांत जो ‘दार’ आहे तो फारसी असून त्याचा अर्थ धारण करणारा, बाळगणारा. तो फारसी ‘दार’ आणि आपल्या संस्कृतातील ‘धृ’, म्हणजेच ‘धारण’ आणि ‘धारक’, हे एकाच मूळ धातूचे वंशज आहेत. सुभा धारण करतो तो सुभेदार, हवाला म्हणजे ताबा ज्याच्याकडे तो हवालदार, आणि त्याच चालीवर जागा धरतो तो लेफ्टनंट. भाषा तीन, घडण एकच. लॅटिनमधील ‘तेनेरे’ मात्र ‘धृ’च्या कुळातला नाही, तो ‘तन्’ म्हणजे ताणणे, या धातूचा भाऊ आहे, ज्यावरून आपला ‘तंतू’ आला. कापूस पिकवणाऱ्या मुलुखात हे सांगितले की वेगळे समजवावे लागत नाही.

कोशाच्या या मौनाचा खरा तोटा कळला तो एका मुलाच्या प्रश्नाने. पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या त्या मुलाने एका रात्री विचारले, “काकाजी, मेजर हा लेफ्टनंटच्या वर असते, तं मंग लेफ्टनंट जनरल हा मेजर जनरलच्या वर कसा काय?” प्रश्न इतका चोख होता की मी आधी त्याला चहा पाजला. कोशात ‘मेजर जनरल’ आणि ‘लेफ्टनंट जनरल’ या दोन्ही नोंदी आहेत आणि दोन्हींपुढे ‘सैन्यातील उच्च अधिकारी’ एवढेच लिहिले आहे, त्यामुळे कोशाचा उपयोग नव्हता.

उत्तर शब्दांच्या मुळात आहे. ‘कॅप्टन’ हा लॅटिनमधील ‘कापुत’, म्हणजे डोके, यावरून आला. डोके म्हणून मुख्य. आपला ‘मुख्य’ हा शब्द मुखावरून आला तसाच. ‘सार्जंट’ म्हणजे मुळात सेवा करणारा, सेवक. जुन्या युरोपीय फौजांत तुकडी लहान असो वा मोठी, मांडणी एकच असे: एक मुख्य, एक त्याची जागा धरणारा, आणि व्यवस्था, शिस्त व कवायत पाहणारा एक सेवक. कंपनीत कॅप्टन, लेफ्टनंट आणि सार्जंट. रेजिमेंटमध्ये कर्नल, लेफ्टनंट कर्नल आणि मोठा सार्जंट, म्हणजे सार्जंट मेजर. येथे ‘मेजर’ हे केवळ ‘मोठा’ या अर्थाचे लॅटिन विशेषण आहे. आणि संपूर्ण सैन्याच्या पातळीवर कॅप्टन जनरल, लेफ्टनंट जनरल आणि सार्जंट मेजर जनरल. ‘जनरल’ हेही विशेषणच, ‘सर्व सैन्याचा’ या अर्थाचे. कालांतराने वरच्या दोन पातळ्यांवर ‘सार्जंट’ गळाला आणि नुसते ‘मेजर’ व ‘मेजर जनरल’ उरले. ‘कॅप्टन जनरल’मधला कॅप्टन गळाला आणि नुसता ‘जनरल’ उरला. विशेषणे राहिली, नामे गेली. म्हणून मेजर जनरल हा मेजरचा मोठा भाऊ नसून सार्जंटचा वंशज आहे, आणि लेफ्टनंट जनरल हा मुख्य सेनापतीची जागा धरणारा असल्यामुळे त्याच्या वर आहे. मुलाने हे तीन मजले वहीत चौकटी आखून लिहून घेतले. दुसऱ्या दिवशी तोच वर्ग घेत होता आणि मी ऐकत होतो.

आमच्याकडेही पदव्यांचे असे मजले चढत गेले आहेत. नागपूरकर भोसल्यांची ‘सेनासाहेबसुभा’ ही पदवी घ्या. सेना, साहेब आणि सुभा या तीन शब्दांत संस्कृत, अरबी आणि फारसीतून आलेली वळणे एकत्र नांदतात आणि तिचा उलगडा करायलाही तुकडे सुटे करूनच पाहावे लागतात. जो कोश तुकडे सुटे करून दाखवत नाही तो अशा शब्दांपुढे फक्त नमस्कार करतो.

छात्रसेनेच्या त्या पाहुण्यांचेही थोडे सांगितले पाहिजे, कारण निमंत्रणपत्रिका पाहून गावात ‘प्राध्यापक फौजेत केव्हा गेले?’ असा प्रश्न निघाला होता आणि कोशातील नोंदीने तो अधिकच गुंतला. महाविद्यालयातील जे शिक्षक छात्रसेनेचे सहयोगी अधिकारी होतात ते नागपूरजवळच्या कामठी येथील अधिकारी प्रशिक्षण अकादमीत प्रशिक्षण घेतात आणि त्यांना लेफ्टनंट हा हुद्दा मिळतो. ते वर्गावर शिकवतात आणि छात्रसैनिकांच्या तुकडीचे कामही पाहतात. ‘सैन्यातील दुय्यम अधिकारी’ ही व्याख्या त्यांना लागू पडत नाही. ‘जागा धरणारा’ ही मात्र चपखल बसते. डॉक्टरांच्या जगातही हाच शब्द लॅटिनच्या मूळ वेषात हिंडतो. रजेवर गेलेल्या डॉक्टरच्या जागी तात्पुरते काम पाहणाऱ्याला ‘लोकम’ म्हणतात, ते ‘लोकम टेनेन्स’चे संक्षिप्त रूप, म्हणजे अक्षरशः लेफ्टनंटच. ही नोंद कोशात अजिबात नाही.

कोणी म्हणेल की साडेसहाशे रुपयांच्या कोशाकडून व्युत्पत्तीची अपेक्षा करणे म्हणजे तुरीच्या भावात बदाम मागणे आहे. मला तसे वाटत नाही. प्रत्येक शब्दाची वंशावळ मागत नाही. जिथे एका ओळीने अर्थ उघडतो तिथे ती एक ओळ मागतो. आणि मराठीत कोशाचे काम करणाऱ्यांना तर या विशिष्ट शब्दाचे अगत्य वाटायला हवे होते. १८३१ साली मुंबईत छापलेला मराठी–इंग्रजी कोश कॅप्टन जेम्स मोल्सवर्थ यांनी रचला आणि त्यांना त्या कामात साहाय्य केले ते थॉमस आणि जॉर्ज कँडी या दोन भावांनी. दोघेही तेव्हा लेफ्टनंट होते. पुढे मोल्सवर्थ यांनी इंग्रजी–मराठी कोशाची आखणी करून काम सुरू केले, पण ते त्यांच्या हातून पुरे झाले नाही. ते चालू ठेवून तडीला नेले थॉमस कँडी यांनी, आणि तो कोश १८४७ मध्ये प्रसिद्ध झाला. कॅप्टनने सोडलेली जागा लेफ्टनंटने धरली, याहून या शब्दाचे चांगले उदाहरण मला कोणत्याही सैन्याच्या इतिहासात शोधावे लागणार नाही, आणि ते घडले मराठी शब्दकोशाच्या कामात. मोल्सवर्थच्या कोशाची १८५७ ची सुधारलेली आवृत्ती आज शिकागो विद्यापीठाच्या दक्षिण आशियाई कोशसंग्रहात महाजालावर फुकट पाहता येते. वाचनालयाच्या संगणकावर आम्ही ती उघडून ठेवतो, वीज असेल तेव्हा. त्या कोशाची दिशा उलटी आहे, मराठीतून इंग्रजीकडे जाणारी, म्हणून भरतीच्या मुलांना त्याचा थेट उपयोग नाही. पण फारसी-अरबी शब्दांपुढे त्यांचे मूळ दाखवणारी खूण त्या कोशकारांनी पावणेदोनशे वर्षांपूर्वी न चुकता छापली, हे पाहिले की आजच्या कोशाचा आळस अधिक डोळ्यांत भरतो.

तर हा कोश घ्यावा की नाही? दहावी-बारावीच्या विद्यार्थ्याने घरासाठी जरूर घ्यावा. रोजच्या शब्दांची उदाहरणवाक्ये स्वच्छ आणि आपल्या आयुष्यातली आहेत, त्यांत बर्फ आणि सफरचंदापेक्षा पाऊस आणि बाजार अधिक येतो. जमीन, न्यायालय आणि महसूल यांचे शब्द तर चांगलेच सांभाळले आहेत. सातबारा हाताळणाऱ्या माणसाने तो भाग तपासून लिहिला असावा असे वाटते. छापील उच्चार विश्वासार्ह आहेत. स्पर्धा परीक्षा देणाऱ्यांनी मात्र हुद्द्यांसाठी त्याच्यावर विसंबू नये, आणि ॲप उतरवून मोबाइलची जागा अडवू नये. वाचनालयांनी घेतला तर आधी बांधणाऱ्याकडे पाठवून पाठीला कापडी पट्टी लावून घ्यावी. आमच्या अनुभवाने तो खर्च उन्हाळ्याआधीच केलेला बरा.

आम्ही आमच्या प्रतीत एक दुरुस्ती केली आहे. ‘लेफ्टनंट’च्या समासात चिठ्ठी चिकटवली असून तीवर ‘ल्यू: जागा, टेनंट: धरणारा, म्हणजे नायब’ एवढे शाईने लिहिले आहे. ग्रंथपालांना ग्रंथावर काही चिकटवणे मान्य नव्हते, तरी त्यांनी डोळेझाक केली. गेल्या आठवड्यात पान उघडले तेव्हा माझ्या अक्षराखाली बॉलपेनने कोणीतरी लिहून ठेवलेले दिसले: ‘आणि ब्रिगेडियर?’